टीव्हीजवळचे पाहुणे

माझी बायको आता फारशा गोष्टी आपल्या हातानं करत नाही. आधी गॅस आम्ही तिच्याकडून काढून घेतला, मग किल्ल्या, मग विळी, मग बाथरूमची आतली कडी. दरवेळी कारण बरोबरच होतं. उरला होता टीव्हीचा रिमोट. तो तिच्याकडून कुणीच काढून घेतला नाही, आणि तरीही तो गेला. कसा गेला ते सांगतो. सांगताना मी शांत राहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आम्ही लखनौत राहतो, जानकीपुरममध्ये. हवाई दलात मी विमानातल्या उपकरणांचा फिटर होतो. शेवटची बदली इकडं झाली, मुलाची शाळा मध्येच मोडायला नको म्हणून थांबलो, आणि थांबलो ते कायमचेच. ती साताऱ्याकडची. लग्न करून आली तेव्हा तिची हिंदी 'पानी' आणि 'नहीं' एवढ्यावर संपायची. पुढं ती इतकी तयार झाली की भाजीवाला तिला बघून आपणच भाव उतरवायचा. शेजारणींची भांडणं मिटवायला तिला बोलावणं यायचं. फोनवर 'हम अभी आ रहे हैं' असं अगदी इथल्या थाटात म्हणायची आणि मी हसलो की डोळे वटारायची.

आजारानं पहिला हात घातला तो या हिंदीलाच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मागाहून शिकलेलं पुष्कळदा आधी जातं. एकदा मेथीवाल्याच्या गाडीपुढं उभी राहून ती 'जुडी कशी दिली?' असं विचारत होती, आणि तो बिचारा 'क्या अम्मा, क्या?' करत होता. मला वाटलं, थट्टा करतेय. वर्ष-दीड वर्षात सगळी हिंदी धुऊन निघाली. घर तेच, गल्ली तीच, आणि आजूबाजूचं कुणी काय बोलतंय ते तिला कळेनासं झालं.

मुलगा इथंच वाढला. त्याला मराठी सगळी समजते, पण तोंडातून निघते ती हिंदी. आम्ही मराठीत विचारायचं, त्यानं हिंदीत सांगायचं, असं आमचं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. आता तो परदेशात असतो आणि रोज व्हिडिओ कॉल करतो. 'मम्मी, कैसी हो? खाना खाया?' ती स्क्रीनकडं बघून गोड हसते, फोन बाजूला धरते आणि मला हळूच विचारते, "कोण हो हा मुलगा? चांगल्या घरचा दिसतो." चांगल्या घरचाच आहे. आमच्या.

दिवसा तिच्याजवळ एक बाई असते. मायाळू आहे, हात स्वच्छ आहेत, 'अम्मा, अम्मा' करत मागं असते. पण तिची बोली अवधीकडं झुकलेली. दोघी दिवसभर एकमेकींकडं बघून हसतात, आणि पाणी हवं की पांघरूण हवं हे खुणांनी ठरतं. मी घरात असलो तर दुभाष्याचं काम करतो. नसलो की तिचं बोलणं भिंतीलाच.

म्हणून तो रिमोट मोलाचा. बटणाला भाषा लागत नाही. दुपारी जेवण झालं की ती आपल्या खुर्चीत बसायची, मी मराठी चॅनल लावून द्यायचो, आणि रिमोट तिच्या हातात. मालिकेतलं कोण कुणाची सून हे तिला कळत नव्हतं. खोलीत मराठी बोललं जातंय, एवढ्यानं ती खूश असायची. मनात आलं की अधिकाच्या बटणावर अंगठा दाबायचा आणि आवाज वाढायचा. सगळ्या दिवसात तिचं ऐकलं जायचं ते एवढंच. अंगठ्यानं त्या बटणावरचं चिन्ह पार पुसून गेलं होतं.

आवाज मोठा व्हायचा, हे कबूल. शेजारचे गृहस्थ एकदा गेटपाशी येऊन फार अदबीनं तक्रार करून गेले. त्याहून वाईट गोष्ट एसीची झाली. लू, म्हणजे इकडचा उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुरू होती, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मी औषधं आणायला गेलो होतो, बाई स्वयंपाकघरात होती. हिनं एसीचा रिमोट घेऊन एसी बंद केला आणि खिडक्या बंद असलेल्या खोलीत अंगावर चादर घेऊन बसून राहिली. मी आलो तेव्हा चेहरा लालबुंद आणि हाक मारली तरी ओ नाही. हॉस्पिटल, सलाईन, सगळं झालं. त्या दिवसांत मुलाला तिकीट मिळेना. फोनवर तो लहान पोरासारखा रडला. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी त्याला खूप बोलणार आहे आणि त्याची भीती खोटी नव्हती.

पावसाळ्यात तो आला तो एक यंत्र घेऊनच. तळहातावर मावणारं, छोटा पडदा, चार-सहा बटणं. "पापा, ये देखो. घर में जितने रिमोट हैं, सबका सिग्नल ये सीख लेता है." त्यानं टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून एकेक बटण दाबलं, मग एसीचा, मग पंख्याचा. यंत्र सगळं शिकलं. मग ते त्यानं शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवलं, टीव्ही आणि एसी दोन्हींकडं तोंड करून. बाजूला आपला जुना फोन चार्जरला लावून ठेवला.

"हे चालवणार कोण?" मी विचारलं.

"यही तो बात है. फोन पर एआई एजेंट बैठा है. ब्लूटूथ से वो इस डिवाइस को चलाएगा. वही सुनेगा, वही सोचेगा, वही बटन दबाएगा. आपको कुछ नहीं करना, मुझे भी नहीं."

खरं सांगायचं तर मलाही मौज वाटली. जन्म उपकरणांत गेला, नवं काही दिसलं की हात शिवशिवतात. हिनं रिमोटचं बटण दाबलं की त्याचा सिग्नल यंत्रालाही मिळायचा. आवाज किती झालाय हे फोन ऐकायचा. मर्यादा मुलानं आखून दिल्या होत्या: टीव्ही अमुक आवाजापुढं नको, उन्हाळ्यात दिवसा एसी बंद नको. मर्यादा ओलांडली की एजंट यंत्राकरवी सगळं परत जागेवर आणणार. आणि मराठीतही बोलणार, ही मुलानं आईसाठी केलेली खास सोय. स्वतः बोलला असता तर सोय आणखी स्वस्तात झाली असती, पण ते जाऊ दे.

पहिल्याच दुपारी तो बोलला. पुरुषी, मऊ आवाज. "काकू, आवाज जरा जास्त झालाय. मी थोडा कमी करतो, चालेल का?"

हिनं चटकन पदर सावरला, चपला शोधल्या आणि लगबगीनं आत आली. "अहो, पाहुणे आलेत बाहेर. बसा तरी म्हणालात का? चहा टाका, चहा." गॅस तिच्याकडून काढून घेतलेला, म्हणून चहा मी केला. तिनं कपबशी नेऊन टीव्हीपुढच्या टीपॉयवर ठेवली, दाराकडचा पडदा सारखा केला आणि म्हणाली, "घ्या ना. कुठले तुम्ही?"

"मी एआय सहायक आहे, काकू. माझं असं गाव नाही."

ती माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "बिचाऱ्याला गाव नाही हो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी हसू आवरत होतो. नंतर रात्रीच्या जेवणाला त्यांना थांबवायचं का, यावर आमची चर्चासुद्धा झाली.

असे काही दिवस गेले, आणि आज मागं वळून बघताना मला कळतं की ते दिवस चांगले होते. तो विचारायचा. ती कधी म्हणायची, "करा की, तुमचंच घर आहे." कधी ठसक्यात सांगायची, "राहू दे जरा. गाणं चाललंय." आणि तो म्हणायचा, "बरं काकू," आणि गाणं संपेपर्यंत खरंच थांबायचा. पाहुण्यानं यजमानिणीचा मान राखावा तसं सगळं चाललं होतं. या शहरात तिच्याशी मराठी बोलणारा माझ्याशिवाय तो एकटाच. मला थोडा हेवा वाटायचा, हेही खरं.

पण या एजंटाला दर आठवड्याला मुलाकडं अहवाल पाठवायची सवय होती. त्यानं एकदा स्वतःच कळवलं, हे मला फार नंतर समजलं, की आवाजामुळं मातोश्रींचा गोंधळ होतो, त्या सहायकाला चहा देतात, न बोलता दुरुस्त्या केल्या तर विरोध कमी होईल. शिफारस: शांत पद्धत. मुलानं तिकडून एक खूण केली आणि पाहुणे गप्प झाले. मला त्यानं ते असंच सहज सांगितलं. "पापा, साइलेंट मोड में कर दिया है. मम्मी कन्फ्यूज़ हो रही थीं." मी म्हटलं, बरं. मला वाटलं, आता तो नुसता ऐकत बसणार.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते मला दिसत होतं आणि कळत नव्हतं. ती बटण दाबायची, आवाज वाढायचा, आणि ती रिमोट मांडीवर ठेवते न ठेवते तोच पुन्हा खाली यायचा. ती परत दाबायची. परत खाली. रिमोट उलटा करून बघायची, तळहातावर आपटायची, माझ्याकडं आणून द्यायची. "सेल गेलेत वाटतं." मी सेल बदलून द्यायचो. चांगले नवे सेल मी किती वेळा फेकले असतील. मग ती अंगठ्याकडं बघायला लागली. एका दुपारी पाहिलं तर खुर्चीत बसून खोबरेल तेलानं अंगठा चोळत होती. म्हणाली, "यात जीवच नाही राहिला."

मी तेही आजाराच्या खात्यावर टाकलं. माणूस एकदा आजारी ठरला की घरातल्या सगळ्या बिघाडांचा धनी तोच होतो. डॉक्टरांना मी सांगितलं की हाताची पकड सैल झालीय. त्यांनी तिला बोट घट्ट धरायला लावलं. तिनं धरलं, चांगलं घट्ट धरलं. ते म्हणाले, बघू या.

मग तिनं बटण दाबणंच सोडलं. रिमोट खुर्चीच्या हातावर पडून राहायला लागला. आवाज जो असेल तो, एसी जसा असेल तसा. मुलाचा आनंदानं फोन आला. अहवालात लिहिलं होतं की आता दुरुस्तीची गरजच पडत नाही, वातावरण स्थिर आहे. "देखा पापा? मम्मी सेट हो गईं." घर शांत झालं होतं हे खरं. शेजारचे गृहस्थ भेटले तर हात जोडून हसायला लागले.

या शांततेचा उलगडा झाला वीज गेली तेव्हा. दुपारची वेळ. आमच्या इन्व्हर्टरवर टीव्ही आणि पंखे चालतात, शोकेसजवळचा सॉकेट नाही. जुन्या फोनची बॅटरी केव्हाच म्हातारी झालेली, थोड्या वेळात तो मेला. तिकडं माझं लक्षही नव्हतं. मी पेपर वाचत होतो. टीव्हीवर बारशाचा प्रसंग चालला होता, बायका पाळणा म्हणत होत्या. हिचा हात आपोआप रिमोटकडं गेला. आशा वगैरे काही नसावी, जुनी सवय फक्त. अंगठा दाबला. आवाज वाढला. पुन्हा दाबला. पुन्हा वाढला. आणि वाढलेला राहिला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, झालं की! बघा ना, झालं!"

किती दिवसांनी मी तिला असं मोठ्यानं हसताना पाहिलं. ती नुसती दाबत सुटली. आवाज इतका झाला की शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या. बाई आतून धावत आली, तर हिनं तिलाही अंगठा वर करून दाखवला. मी म्हटलं होऊ दे, सगळ्या जानकीपुरमला ऐकू जाऊ दे पाळणा.

मग वीज आली. बाईनं मुलानं शिकवल्याप्रमाणं फोन चालू करून ठेवला आणि ती आत गेली. आम्ही दोघंच होतो. फोननं यंत्राला गाठलं असणार, कारण यंत्राचा छोटा पडदा उजळला. आणि टीव्हीच्या तळाशी ती हिरवी पट्टी उमटली आणि एकेक घर मागं सरकायला लागली. कुणी शिवलं नव्हतं. हिचा अंगठा अजून अधिकाच्या बटणावरच होता, दाबलेला. ती पट्टीकडं बघत होती. पट्टी थांबली. मग तिनं अंगठा उचलून डोळ्यांजवळ आणला आणि बराच वेळ बघितला.

मला सगळं त्या क्षणी समजलं, आणि समजायला मला इतके महिने लागावेत याचा संताप आला. कारण हीच गोष्ट माझी नोकरी होती. शिकाऊ वैमानिकांच्या विमानात पुढं-मागं दोन सीट असतात आणि विमान चालवायच्या दोन काठ्या, एकमेकींना जोडलेल्या. एक हलवली की दुसरी हलते. तपासणीत मी मागच्या सीटवर बसायचो आणि पुढच्यानं न सांगता काठी ओढली की मनगटाला असा हिसका बसायचा की शिव्याच तोंडात यायच्या. म्हणून नियम आहे. काठी घेणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, 'आय हॅव कंट्रोल', म्हणजे आता ताबा माझा. सोडणाऱ्यानं 'यू हॅव कंट्रोल' असं परत म्हणून दाखवायचं आणि हात वर करायचे. कितीही घाई असो, समोर कितीही मोठा अधिकारी असो. दोघांना ठाऊक असल्याशिवाय काठी हलत नाही. माझ्या बायकोच्या हातातली काठी महिनोन् महिने कुणीतरी मागून ओढत होतं, आणि तिला सांगणारं जे एकमेव तोंड होतं, ते मुलानं बंद केलं होतं.

मी तेव्हाच फोन लावला. तिकडं पहाट होती, असू दे. मी मराठीत ओरडत होतो, तो हिंदीत समजावत होता.

"आप चाहते हैं वो फिर हॉस्पिटल जाएँ?"

"एसीचं मी बोलत नाही. एसी सांभाळ तुझा. टीव्हीनं कोण मरत होतं?"

"कंप्लेंट आई थी ना, पापा."

मी त्याला काठीची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यानं ती माझ्याकडून हजारदा ऐकलीय. म्हटलं, "घेणाऱ्यानं सांगायचं असतं, विसरलास? तुझ्या आईला कुणी सांगितलं?"

 तो अगदी थकलेल्या, समजूतदार आवाजात म्हणाला, "बताने से क्या होगा, पापा? वो तो भूल जाती हैं."

हे वाक्य मी त्याला माफ करू शकलेलो नाही. करीन असं वाटतही नाही. ती विसरते. त्याचं नाव विसरली, माझं कधी कधी विसरते, आपण जेवलो की नाही ते विसरते. पण आपल्या अंगठ्याचं कुणी ऐकत नाही, हे तिच्या पक्कं लक्षात राहिलं. इतकं मुरलं की तिनं दाबायचं सोडलं. शिकवलं तर तिला अजून शिकता येतं, हे आम्ही सिद्ध केलं, आणि शिकवलं ते हे.

यंत्र मी त्याच दिवशी कपाटात टाकलं, फोन बंद करून त्याच्या शेजारी. मुलगा नाराज आहे, अजूनही बोलताना जपून बोलतो. एसीवर आता मीच नजर ठेवतो, औषधांना बाईला पाठवतो. दुसऱ्या दुपारी मी मराठी चॅनल लावलं, रिमोट हिच्या हातात दिला आणि म्हटलं, "घे. वाढव किती वाढवायचाय तेवढा."

तिनं रिमोट धरला, पण दाबला नाही. पदर नीट केला, शोकेसकडं एक नजर टाकली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आधी त्यांना विचारा."

"कुणाला?"

"पाहुण्यांना. त्यांना मोठा आवाज चालत नाही."

मी शोकेसकडं बघितलं. गणपतीशेजारची जागा रिकामी होती. "अगं, गेले ते," मी म्हटलं. "कालच गेले."

"सांगून गेले?"

मी हो म्हणालो.

"मला नाही ऐकू आलं," ती म्हणाली. "मी इथंच तर बसलेय. येतो म्हटल्याशिवाय कसे जातील? चांगले आहेत ते." तिनं पुन्हा एकदा तिकडं बघितलं आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

रोज दुपारी असंच होतं. मी रिमोट देतो, ती विचारते, मी सांगतो, तिला पटत नाही. टीव्ही हळू आवाजात चालू असतो, आणि ती आपल्याच घरात पदर घेऊन, पाहुणे उठायची वाट बघत ताठ बसून असते.